दाराबाहेरचं खोगीर

माझा जावई हल्ली मला पाहून तोंड फिरवत नाही.

बाहेरच्यांना यात काय बिघडलं ते कळायचं नाही, पण आमच्या नवाहो माणसांत कुणालाही विचारा. सासूनं जावयाचं तोंड पाहायचं नाही, जावयानं सासूचं पाहायचं नाही. पाहिलं तर डोळे जातात. बोलायचंही नाही, काही सांगायचं असेल तर मधल्या माणसाच्या तोंडून सांगायचं. शाळा शिकून आलेली पोरं हसतात याला. हसू देत. त्यांच्या घरांत सासू-जावई एका टेबलाशी बसून एकमेकांची उणीदुणी काढतात. आमच्या घरात लग्नापासून आजवर एक वाकडा शब्द झाला नाही. होणार कुठून? शब्दच झाला नाही.

तो कडू पाण्याच्या कुळातला, आम्ही उंच घराच्या. लग्न झालं तसा रीतीप्रमाणे आमच्याकडे राहायला आला, एक घोडा आणि एक खोगीर घेऊन. मी माझ्या शालीच्या टोकाला चांदीची घंटी बांधली, पूर्वी माझ्या आईच्या शालीला असायची तीच. मी पायवाटेला लागले की घंटी किणकिणायची, आणि तो असेल तिथून उठून वाळुंजांच्या आड जायचा. गाडीत असला तर टोपी नाकापर्यंत ओढायचा. माझ्या भाचीच्या लग्नात त्यानं अख्खं जेवण भिंतीकडे तोंड करून केलं. माझ्या बहिणी म्हणाल्या, “जावई आणलास का नवी नवरी?” मी म्हटलं, “तुमच्या जावयांना पाठच नाही, नुसती तोंडं आहेत.”

तो माझा मान होता. मी त्याला पाठीवरूनच ओळखायची. रुंद पाठ, डावा खांदा जरासा उतरलेला. चेहरा कसा आहे ते लेकीनं सांगितलं होतं तेवढंच.

लेक वसंतात गेली. वरच्या शहरात, दवाखान्यात गेली, म्हणून तिचं घर सोडावं लागलं नाही. घरात गेली असती तर त्या घरात कुणी राहिलं नसतं. तिचं नाव मी इथे घेणार नाही. गेलेल्याचं नाव घेतलं की ते मागे वळून बघतं. पुरणाऱ्या माणसांच्या हाती मी तिच्या बांगड्या दिल्या, मागावरची फणी दिली, आणि माझ्या शालीची घंटी सोडून तीही दिली. लहान असताना माझ्या आईच्या मागे ती त्या आवाजावरच चालायला शिकली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. लेक माझी, घंटी माझी, विचारायचं कुणाला?

आणि तेव्हापासून ह्यानं लाज सोडली.

ओढ्याकाठी बीव्हरनी कुरतडून पाडलेला कॉटनवूडचा एक मोठा ओंडका आहे. त्यावर हा उजाडल्यापासून बसतो. पाण्याला जायची माझी वाट तिथूनच. दरीच्या तळाशी सगळी वाळू, चालताना पाऊल उमटतं पण वाजत नाही. मी अगदी मागे जाऊन उभी राहिले तरी हा हलत नाही. मग शाल मीच तोंडावर ओढायची आणि माझ्याच जमिनीवर, माझ्याच पाण्याला, चोरासारखं वळसा घालून जायचं. ह्या वयात.

पानगळीचे दिवस आमच्याकडे कामाचे. मका खुडायचा, भोपळे चिरून वाळवायचे, पीच दोन फाका करून तापल्या दगडांवर मांडायचे, चिलगोजे गोळा करायचे, आणि ओढ्यावर बर्फाचा पापुद्रा धरायच्या आत मेंढरं घेऊन वर दरीच्या काठावरच्या घरी जायचं. खाली हिवाळ्यात सूर्य दुपारचा जेमतेम डोकावतो. ह्याच दिवसांत पार्कवाल्यांचे पाहुणेही येतात. दरी आमची, पण सरकारनं तिला पार्क केलं, आणि आमच्यापैकी कुणाला बरोबर घेतल्याशिवाय पाहुण्यांना तळाशी उतरता येत नाही. ते येतात पिवळी झाडं बघायला. आता झाडं पिवळी होतात हे खरं. तांबड्या कड्यांच्या मध्ये ओढ्याच्या दोन्ही काठांनी कॉटनवूड असे पेटतात की संध्याकाळी सूर्य गेला तरी खालचा उजेड जात नाही. पण झाडं त्यांच्यासाठी थोडीच पिवळी होतात.

ह्या वर्षी पीच मी एकटीनं मांडले. लेक फाका अशा मांडायची की एकीची सावली दुसरीवर पडू नये. माझ्यानं खाली बसवत नाही फार वेळ. अर्धे कुजले. झाडाखाली पडलेले खायला अस्वल आलं. आम्ही त्याला आजोबा म्हणतो आणि वाटेतून बाजूला होतो. आजोबा दोन सकाळी आले, दगडांवरचेही खाऊन गेले. मक्याच्या धाटांत लांब कानांची हरणं शिरली. आणि हा बाप्या ओंडक्यावर बसून ऐकतोय. घोडा उभ्या उभ्या लठ्ठ झालाय, त्याचा पट्टा आता शेवटच्या भोकातही बसायचा नाही.

मी माझ्या नातीला म्हटलं, “वर्लीन, तुझ्या बापाला सांग, मका काही आपल्या पायांनी घरी येत नाही.”

वर्लीन सव्वीस वर्षांची आहे, आमची पिकअप तीच चालवते. पाहुणे मागे बसतात, बाप तिच्या शेजारी बसून माहिती सांगतो. कुठल्या कपारीत ससाणा बसतो, बीव्हरचं घर कुठे, हरणं कुठे उतरतात. पूर्वी तो एकटा घोड्यावरून न्यायचा.

“आजी, बाबांचा गुडघा दुखतो,” ती म्हणाली.

“मागच्या वर्षी पाठ होती.”

“आता गुडघा आहे.”

“बसून बसून दुखत असेल. ओंडक्याला विचार, त्याचंही दुखत असेल.”

ती हसली नाही. पूर्वी हसायची.

मग ते बगळ्याचं झालं. त्या सकाळी पाण्याला गेले तर हा बसलेला, आणि त्याच्या पायांपासून दोन हातांवर निळा बगळा उभा. तो पक्षी माणसाची चाहूल लागली की वळणापलीकडे जातो. त्या दिवशी असा उभा होता जशी ह्या माणसाची आणि त्याची जुनी ओळख आहे. पिवळी पानं वाहत येत होती, बगळ्याच्या पायांशी अडत होती, मग सुटून पुढे जात होती. बगळ्यानं एक मासा टिपला. पाणी उडालं, तेव्हा कुठे ह्यानं मान किंचित वळवली, पण भलतीकडेच. मी तिथे किती वेळ उभी राहिले मलाच कळलं नाही. लेकीला तो पक्षी फार आवडायचा. तिच्या मागावरच्या प्रत्येक घोंगडीत ती कुठेतरी एक निळा धागा सोडायची, आणि विचारलं की म्हणायची, बगळा गेला इथून.

त्याच दुपारी पाहुण्यांची गाडी माझ्या दारावरून गेली. मी तोंड झाकून आत सरकले, पण कान उघडे होते. एका बाईनं विचारलं की पुस्तकात लिहिलेला तो मोठा निळा बगळा कुठे दिसेल. आणि हा म्हणाला, “तो यंदा लवकर गेला, बाई. हिवाळा कडक आहे.”

सकाळी पायांशी उभा होता.

संध्याकाळी मी वर्लीनला म्हटलं, “तुझा बाप खोटं बोलायला लागला की त्याचं डोकं ठिकाणावर नाही, एवढं मला सांग.”

“का गं?”

“बगळा त्याच्या मांडीवर बसायचा बाकी होता, आणि पाहुण्यांना सांगतो गेला म्हणून.”

तिनं चुलीत लाकूड सारलं. ते आधीच जळत होतं. “लक्ष नसेल त्यांचं.”

“तेच म्हणते मी. लक्ष कुठे आहे? मेलेल्यामागे चार दिवस. मग न्हायचं, आणि जिवंतांकडे तोंड करायचं. हा वसंतापासून तिकडेच तोंड करून बसलाय. असं बसलं की गेलेलं माणूस परत येतं, आणि आलं की एकटं जात नाही. मला एकच नात आहे.”

“आजी, आई असती तर—”

“नको.”

ती थांबली. मग म्हणाली, “तू त्यांनाच का विचारत नाहीस?”

“मी कशी विचारू? बघायचं नाही, बोलायचं नाही.”

“माझ्या तोंडून विचार.”

“विचारते. जा, विचार त्याला, लाज कुठे ठेवलीस? सासू येते तर उठत का नाहीस?”

ती पीचच्या झाडांतून पलीकडे त्यांच्या घरी गेली. कड्यावर एक कावळा उगाच बोलत होता. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

“बाबा म्हणतात, आजीला सांग, घंटी वाजली की मी उठतो.”

मी हातातली वाटी खाली ठेवली. घंटी कुठे आहे ते मला माहीत, आणि मातीला माहीत. मला वाटलं, ह्याला पुरणाऱ्यांकडून कळलंय, आणि हा माझ्या लेकीच्या कबरीवरून मला टोमणा मारतोय. वर्लीन काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. मी म्हटलं, “झोप जा.”

आमच्याकडे बाईला नवरा नकोसा झाला की ती त्याचं खोगीर दाराबाहेर ठेवते. भांडण नाही, पंचायत नाही. घर बाईचं असतं. नवरा खोगीर बघतो, उचलतो, आईच्या घरी जातो. लेक नाही, तर तिच्या घराची मालकीण मी. वर जाणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर मी जावयाच्या बहिणीला निरोप धाडला की तुमचा माणूस घेऊन जा. परत निरोप आला, भाचा डेलबर्ट गाडी घेऊन खाली येईल, गुरुवारी सकाळी.

गुरुवारी फटफटायच्या आधी मी गोठ्यातून खोगीर काढलं. जड होतं. लेकीनंच त्याच्याखालची घोंगडी विणली होती, ती मी सोडवायला गेले पण गाठी आवळलेल्या होत्या, तशीच राहू दिली. त्याच्या दारात, उंबऱ्यापासून एका पावलावर ठेवलं आणि दक्षिणेकडच्या पीचच्या झाडामागे जाऊन उभी राहिले. शाल तोंडावर, एक फट ठेवून. जातो की नाही ते बघायचं होतं, आणि पाठ बघायला बंदी नाही.

रात्री दव पडून गोठलं होतं. उरलीसुरली पानं एक एक करून गळत होती. वारा नव्हता, तरी गळत होती. कड्यातला छोटा पक्षी वरून खाली उतरत जाणारी त्याची शीळ घालत होता. ओढ्यापलीकडे रानटर्की झाडावरून धपाधप उतरल्या. मग दार उघडलं.

आमची दारं पूर्वेकडे असतात. सकाळी उगवतीकडे तोंड करून मक्याचे पराग वाहायचे असतात, ते तो चिमटीत घेऊन बाहेर आला. पुढचं पाऊल सरळ खोगिरावर पडलं आणि माणूस आडवा झाला.

दारातलं एवढं मोठं खोगीर. उजाडलेलं.

तो गुडघ्यांवर उठला. हातांनी चाचपायला लागला. आधी मूठ सापडली, मग पट्टा, मग रिकीब. खालच्या घोंगडीवर आला तेव्हा हात थांबले. चिमटीतले पराग सगळे तिच्यावर सांडले होते. तेवढ्यात सूर्य कड्यावर आला आणि त्यानं तोंड वर केलं, नेमकं सूर्याकडे, आणि डोळे मिटले नाहीत. पापणी हलली नाही.

मी फट बंद करायला हवी होती. केली नाही. लग्नापासून पहिल्यांदा मी माझ्या जावयाचं तोंड पाहिलं. वर्लीनची हनुवटी मी सगळ्यांना आमच्या कुळाची म्हणून सांगत आले. ती त्याची होती. भुवयाही त्याच्याच.

वर्लीन धावत बाहेर आली. “बाबा, लागलं?”

“नाही.” त्याचा आवाज मी लांबून ऐकलेला, इतक्या जवळून नाही. “माझंच खोगीर आहे.”

“आजीनं ठेवलंय. बास झालं. मी आत्ता जाते आणि तिला सगळं सांगते.”

“काही सांगायचं नाही.”

“तिला वाटतं तुम्ही लाज सोडली.”

“वाटू दे. मी आंधळा झालो हे कळलं तर लोक काय म्हणतील? जावयानं पाहिलं. सासूनं पाहू दिलं. ह्या दरीत तिच्यासारखी रीत कुणी पाळली नाही, आणि म्हातारपणी तिच्या नावाला माझे डोळे चिकटायचे. डॉक्टर म्हणतो साखरेनं गेले. साखरेवर कोण विश्वास ठेवतं?”

“आईनं दोन वर्षं लपवलं. आता मी लपवते. मी थकले, बाबा.”

“तुझी आई हात धरून चालायची. लोकांना वाटायचं प्रेम आहे.”

“नव्हतं?”

“होतं. पण वाटही होती.” तो घोंगडीवरून बोट फिरवत होता, जणू त्या निळ्या धाग्याचा पत्ता लागतो का बघत होता. “घंटी वाजली की मी उठायचो. डोळे गेले तरी काही अडलं नाही. वसंतापासून वाजली नाही. तेव्हाच समजलो की तुझ्या आजीनं माझ्या बाजूला यायचं सोडलं. लेक गेली, जावई कशाला. खोगीर आज आलंय इतकंच.”

“आणि तिकडे आत्याकडे काय करणार? तिथे ओढा नाही, काही नाही. तुम्हाला अंगणही ठाऊक नाही तिथलं.”

“बसेन.”

“कुठे?”

“बसवतील तिथे. माझी टोपी आण. तिचा शब्द आहे.”

खालच्या वळणावर पाण्यातून गाडी येत असल्याचा आवाज आला. ओढ्याच्या पात्रातून येणारी गाडी लांबून कळते, दगडांवर चाकं घसरतात आणि आवाज दोन्ही कड्यांवर आपटून येतो. डेलबर्ट वेळेवर आला होता. कडू पाण्याच्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा काही वेळेवर केलं.

वर्लीन टोपी आणायला आत गेली. तो खोगीर खांद्यावर घ्यायला वाकला आणि घेता येईना, कारण दुसऱ्या हातानं धरायला काही सापडत नव्हतं. लेकीच्या मागे तो हात गेले सहा-सात महिने असाच हवेत फिरत असणार, आणि मी वळसा घालून जात होते.

मी झाडामागून निघाले. तिथे वाळू नव्हती, पीचची वाळकी पानं होती, घोट्यापर्यंत. पहिलं पाऊल वाजलं, दुसरं वाजलं. तो ताठ झाला. कोण आहे ते त्यानं विचारलं नाही. दोन्ही हात खोगिरावरून काढले, टाचेवर वळला, आणि आंधळ्या माणसानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी शाल खाली घेतली. खोगीर उचलून, परागांसकट, उंबऱ्याच्या आत टाकलं. वर्लीन टोपी हातात घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे बघून सांगायची सवय, पण मी तिला म्हटलं, “तू बाजूला हो,” आणि त्या रुंद पाठीशी मीच बोलले.

“ऐक. अडीच वर्षं तू माझ्याशी खोटं वागलास, माझ्या लेकीला खोटं वागायला लावलंस, ह्या पोरीलाही शिकवलंस. त्याची शिक्षा ही, की तू कुठे जायचं नाहीस. तुझ्या भाच्याला मी कॉफी पाजते आणि आल्या वाटेनं परत धाडते. तू माझ्याबरोबर वर यायचं आणि चिलगोजे निवडायचे, त्याला डोळे लागत नाहीत. माझ्या नावाची काळजी तू करू नको, माझं नाव तुझ्या डोळ्यांपेक्षा जुनं आहे. घंटीची वाट बघू नको. ती मी तिच्याबरोबर दिली, ती आता वाजायची नाही. मी येताना खोकेन. खोकले की असंच तोंड फिरवायचं. आणि पाहुण्यांना खोटं सांगू नको. बगळा गेलेला नाही. तू बसतोस तिथे, तुझ्या पायांशी, रोज सकाळी उभा असतो. मी बघते त्याला.”